प्रवाळभित्तींवर तेलगळतीचे होणारे परिणाम

समुद्रातील तेलगळती म्हणजे जहाजे, तेलविहिरी, समुद्रतळावरून जाणाऱ्या तेलवाहिन्या किंवा किनाऱ्यावरील साठवण टाक्या यांतून खनिज तेल अथवा त्यापासून तयार केलेले इंधन समुद्राच्या पाण्यात मिसळणे. अशा तेलामुळे उथळ किनारी समुद्रातील प्रवाळ, त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे, कवचधारी प्राणी, स्पंज, शैवाल आणि लगतची कांदळवने यांना इजा पोहोचते. काही परिणाम तत्काळ दिसतात. काही मात्र पाण्यावरील तवंग नाहीसा झाल्यानंतर अनेक वर्षे टिकतात. प्रवाळांची प्रजननक्षमता घटणे, नव्या प्रवाळांची रुजवण थांबणे आणि गाळात मुरलेले तेल पुन्हा पुन्हा बाहेर पडणे हे दीर्घकालीन परिणामांपैकी प्रमुख होत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लक्षद्वीपसारख्या विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाहीत. येथील प्रवाळ लहान लहान विखुरलेल्या वसाहतींच्या रूपात आढळतात. याच किनाऱ्यासमोर देशातील महत्त्वाचे तेलक्षेत्र व गजबजलेले जलमार्ग असल्याने या वसाहतींना तेलगळतीचा धोका कायम राहतो.

प्रवाळ आणि प्रवाळभित्ती

प्रवाळ किंवा पोवळे हे वनस्पती अथवा खडक वाटत असले, तरी ते प्राणी आहेत. पॉलिप नावाचे असंख्य सूक्ष्म जीव एकत्र वाढून वसाहत तयार करतात. कठीण प्रवाळांचे पॉलिप आपल्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा उभारतात. पिढ्यान्‌पिढ्या असे सांगाडे एकावर एक साचून प्रवाळभित्ती तयार होते. उथळ पाण्यातील बहुतेक कठीण प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ती अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. ताणाच्या परिस्थितीत हे सहजीवन तुटले, की प्रवाळ पांढरे पडतात. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात.

प्रवाळांची वाढ अतिशय संथ असते. पोराइट्ससारखे घुमटाकार प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे हाताच्या ओंजळीएवढी वसाहत नष्ट झाली, तरी तेवढीच वसाहत पुन्हा उभी राहण्यास दशकाहून अधिक काळ लागू शकतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवाळ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण परिसर हे राज्यातील प्रवाळांचे सर्वांत परिचित स्थान आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा समावेश असलेले मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. येथे पोराइट्स, फॅव्हाइट्स, गोनिॲस्ट्रिया, टर्बिनारिया इत्यादी प्रजातींचे प्रवाळ आढळतात. नद्यांचा गाळ आणि पावसाळ्यातील गढूळ पाणी सहन करू शकणाऱ्या प्रवाळांचे प्रमाण येथे अधिक आहे.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर खुल्या समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. पठाराचा माथा समुद्रसपाटीखाली साधारण २० मीटरवर असून तेथील पाणी किनाऱ्यापेक्षा बरेच नितळ आहे. त्यामुळे येथे प्रवाळांची वाढ चांगली झाली आहे.

मुंबईसारख्या महानगराच्या किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर प्रवाळांच्या लहान वसाहती आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या बांधकामामुळे वरळी व हाजीअली येथील १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने दुसरीकडे हलविण्यात आल्या. कोकणातील अन्य खडकाळ भागांत प्रवाळ विरळ असले, तरी कालवे, शिंपले, खेकडे, स्पंज आणि समुद्रफुले यांची दाट वस्ती असते. ओहोटीच्या वेळी कालवे व शिंपल्या गोळा करणाऱ्या किनारी कुटुंबांचा उदरनिर्वाह काही अंशी या खडकांवरच चालतो.

समुद्रात पडलेल्या तेलाचे स्थित्यंतर

खनिज तेल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. ते समुद्रात पडल्यावर पाण्याच्या पृष्ठभागावर पसरते. त्यातील बेंझीन, टोल्यूईन यांसारखे हलके घटक पहिल्या काही दिवसांत बाष्परूपाने उडून जातात. हे घटक अल्पायुषी असले, तरी अतिशय विषारी असतात. उरलेले जड तेल लाटांच्या घुसळणीने पाण्यात मिसळून घट्ट, तपकिरी फेसासारखे बनते. पुढे त्याचेच डांबरासारखे गोळे तयार होतात. पावसाळ्याच्या सुमारास कोकण व गोव्याच्या पुळणींवर वाहून येणारे काळे गोळे याच प्रकारचे असतात. नैऋत्य मोसमी वारे खुल्या समुद्रातील तेल पश्चिम किनाऱ्याकडे ढकलतात, हे त्यांचे मुख्य कारण होय.

प्रवाळांपर्यंत तेल मुख्यतः तीन मार्गांनी पोहोचते. उधाणाच्या ओहोटीत प्रवाळांचे माथे उघडे पडले, की वरचा तवंग थेट त्यांच्यावर बसतो. खडकांवर फुटणाऱ्या लाटांमुळे तेलाचे सूक्ष्म थेंब होऊन ते पाण्यात खोलवर जातात. तेल गाळाच्या कणांना चिकटून जड झाले, की ते तळाशी बसते. पावसाळ्यात कोकणच्या खाड्यांतून येणारे पाणी गाळाने भरलेले असल्याने हा तिसरा मार्ग येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

प्रवाळांवरील परिणाम

थेट संपर्क : तेलाचा थर बसल्यामुळे पॉलिपचा श्वसन व अन्नग्रहण यांसाठी पाण्याशी असलेला संपर्क तुटतो. प्रवाळ आपल्या अंगावरील घाण काढून टाकण्यासाठी चिकट द्रव स्रवतात. तेल बसल्यावर हा स्राव मोठ्या प्रमाणात वाढतो. त्यात प्रवाळाची ऊर्जा खर्च होते आणि त्या द्रवावर जीवाणूंची वाढ होऊन ऊतींना रोग जडू शकतात. फांद्यांच्या आकाराचे अॅक्रोपोरासारखे प्रवाळ घुमटाकार प्रवाळांपेक्षा सामान्यतः लवकर मरतात.

सहजीवनावरील परिणाम : तेलातील बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने ऊतींमध्ये साचतात. त्यामुळे झूझँथेलींची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता घटते व विरंजन होऊ शकते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे यांपैकी काही संयुगांची विषारीपणाची तीव्रता वाढते. म्हणूनच स्वच्छ आणि उथळ पाण्यात, जेथे ऊन तळापर्यंत पोहोचते, तेथे अल्प प्रमाणातील तेलही अधिक घातक ठरते.

प्रजननावरील परिणाम : अनेक प्रवाळांची अंडी स्निग्ध पदार्थांनी युक्त असल्यामुळे ती पाण्यावर तरंगतात. त्यांतून निघालेले डिंभही काही काळ पृष्ठभागाजवळ राहतात. तेलाचा तवंगही तेथेच असतो. तेलाच्या संपर्कात आलेल्या डिंभांची पोहण्याची आणि योग्य खडक शोधून त्यावर स्थिरावण्याची क्षमता कमी होते. तांबड्या समुद्रातील एलात येथे लोया व रिंकेविच या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळाचा अभ्यास केला. वारंवार थोड्या थोड्या तेलाला सामोऱ्या गेलेल्या वसाहतींत अंडाशयांची संख्या घटलेली आणि प्रजनन मंदावलेले त्यांना आढळले. वसाहत जिवंत व निरोगी दिसत असूनही तिची पुढची पिढी निर्माण होत नाही, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

प्रवाळांसोबतचे जीव : प्रवाळांच्या कपारींत शेवंड, खेकडे, समुद्री साळिंदर आणि गोबरा, तांबोशी यांसारखे मासे आश्रय घेतात. मोठे मासे तेलापासून दूर पळू शकतात. त्यांची अंडी व पिल्ले मात्र पळू शकत नाहीत. कालवे आणि शिंपले पाणी गाळून अन्न मिळवीत असल्यामुळे त्यांच्या शरीरात तेलातील घटक साचतात व ते खाण्यास अयोग्य होतात. शैवाल खाणारे गोगलगायींसारखे प्राणी मेले, तर मोकळ्या खडकांवर शैवाल झपाट्याने वाढते आणि प्रवाळांच्या नव्या डिंभांना बसण्यास जागा उरत नाही.

अभ्यासिलेल्या प्रमुख घटना

पनामा, १९८६ : पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, बाहिया लास मिनास येथे २७ एप्रिल १९८६ रोजी तेलशुद्धीकरण कारखान्याची साठवण टाकी फुटून ८० लाख लिटरांहून अधिक खनिज तेल समुद्रात गेले. या भागातील पुंता गालेता येथे स्मिथसोनियन संस्थेची प्रयोगशाळा होती आणि तेथील भित्तींच्या आधीच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्यामुळे गळतीपूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना करता आली. अधिक तेल बसलेल्या एका भित्तीवर तीन मीटर खोलीपर्यंतच्या पट्ट्यात प्रवाळांचे आच्छादन ७६ टक्क्यांनी, तर तीन ते सहा मीटर खोलीवर ५६ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. खोल पाण्यातील प्रवाळ तवंगापासून सुरक्षित राहतात, हा तोवरचा समज त्यामुळे चुकीचा ठरला. कांदळवनांच्या चिखलात मुरलेले तेल पुढे किमान पाच वर्षे पावसाबरोबर व भरती-ओहोटीबरोबर बाहेर पडत राहिले.

इराणचे आखात, १९९१ : आखाती युद्धाच्या वेळी लक्षावधी बॅरल तेल समुद्रात सोडले गेले. सौदी अरेबियाच्या किनाऱ्यावरील खाजणे व चिखलाच्या पुळणी यांची मोठी हानी झाली. किनाऱ्यापासून दूर असलेल्या बेटांभोवतीच्या प्रवाळांना मात्र अपेक्षेपेक्षा बरीच कमी इजा झाली. तेलाचे एकूण प्रमाण किती, यापेक्षा ते कोठे व कोणत्या स्वरूपात पोहोचते यावर परिणाम अवलंबून असतो, याचे हे उदाहरण आहे.

मेक्सिकोचे आखात, २०१० : २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि ८७ दिवस विहिरीतून तेल वाहत राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विहिरीपासून सुमारे ११ किलोमीटरवर, १,३७० मीटर खोलीवरील प्रवाळ तपकिरी थराने झाकलेले आढळले.

मॉरिशस, २०२० : वाकाशिओ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज २५ जुलै २०२० रोजी मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, पॉइंट देस्नी येथील प्रवाळभित्तीवर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे १,००० टन इंधन तेल बाहेर पडले. जवळच ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान व कांदळवने आहेत. एकोणिसाव्या शतकात मुख्यतः कोकणातून मजुरीसाठी गेलेल्यांच्या वंशजांचा मराठी भाषक समाज या देशात राहतो. तेल अडविण्यासाठी तेथील नागरिकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून हाताने तरंगते अडथळे तयार केले. या घटनेत तेलाबरोबरच जहाजाच्या तळाने भित्ती चिरडली जाण्याची हानीही झाली.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील घटना

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेले बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले. तेथील तेल समुद्रतळावरील वाहिनीने उरणला आणले जाते. १७ मे १९९३ रोजी ही वाहिनी फुटून काही हजार टन तेल समुद्रात गेले व त्याचा परिणाम मुरूडच्या समुद्रापर्यंत जाणवला.

३० मे २००६ रोजी ओशन सेराया हे जहाज कारवारजवळील खडकांवर आदळले. त्यातील इंधन तेल वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकून दक्षिण गोव्याच्या पुळणींपर्यंत पोहोचले.

७ ऑगस्ट २०१० रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडणारे एमएससी चित्रा आणि मुंबई बंदराकडे येणारे खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा जहाजावर १,२१९ कंटेनर आणि सुमारे २,६६२ टन इंधन तेल होते. त्यांपैकी अंदाजे ८०० टन तेल समुद्रात सांडले. जहाज एका बाजूस कलंडल्याने अनेक कंटेनर पाण्यात पडले व बंदरांतील वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावरील कांदळवने, पुळणी आणि खडक तेलाने माखले. मासळी खाऊ नये अशा सूचना दिल्या गेल्या आणि विक्री मंदावल्याने कोळी समाजाला मोठा फटका बसला.

पुढील वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी इंडोनेशियाहून गुजरातमधील दहेजकडे ६०,००० टनांहून अधिक कोळसा घेऊन निघालेले रॅक कॅरिअर हे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. जहाजावरील ३० जणांना वाचविण्यात आले. त्यातील इंधन तेल जुहूसह मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून आले.

या चारही दुर्घटना मे ते ऑगस्ट या काळातील आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने तेल गोळा करणारी यंत्रे व तरंगते अडथळे नीट काम करीत नाहीत आणि वारे तेलाला किनाऱ्याकडेच आणतात. त्यामुळे या ऋतूत किनारी खडकांवरील जीवसृष्टीला धोका सर्वाधिक असतो.

सफाई व तिच्या मर्यादा

पाण्यावरील तेल तरंगत्या अडथळ्यांनी घेरून यंत्राने उपसून घेणे ही सर्वांत निर्धोक पद्धत होय. समुद्र शांत नसेल, तर तेलाचे बारीक थेंब करणारी रसायने फवारली जातात. त्यामुळे तवंग नाहीसा होतो, परंतु तेल नाहीसे होत नाही. ते पाण्याच्या थरांत उतरते. १९६७ मध्ये इंग्लंडजवळ टॉरी कॅन्यन जहाज फुटल्यानंतर वापरलेल्या तत्कालीन रसायनांनी खडकांवरील जीवांची तेलापेक्षाही अधिक हानी केली होती. पुढे कमी विषारी रसायने तयार झाली.

पनामात १९८४ मध्ये मुद्दाम मर्यादित प्रमाणात तेल सोडून या प्रश्नाचा अभ्यास करण्यात आला. रसायन मिसळलेल्या तेलाने प्रवाळांना व समुद्री गवताला अधिक इजा केली, पण कांदळवने वाचली. नुसत्या तेलाने प्रवाळ तुलनेने कमी दुखावले, परंतु कांदळवनातील झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. एकाच खाडीच्या तोंडाशी कांदळवन आणि लगतच्या खडकांवर प्रवाळ असतील, तर दोहोंपैकी कशाला प्राधान्य द्यायचे हा निर्णय घ्यावा लागतो. मुंबई व सिंधुदुर्ग या दोन्ही किनाऱ्यांवर अशी स्थिती आहे. आंग्रिया बँकेसारख्या ठिकाणी वरून जाणारा तवंग माथ्यावरील प्रवाळांना फारसा न लागता पुढे सरकू शकतो. तेथे रसायन फवारल्यास तेच तेल खाली उतरण्याची शक्यता निर्माण होते.

तेल बसलेले प्रवाळ घासून किंवा जोराच्या फवाऱ्याने धुणे हानिकारक असते. अशा ठिकाणी पायी वावर टाळून लाटांना आपले काम करू देणे श्रेयस्कर मानले जाते.

कायदेशीर तरतुदी व भरपाई

समुद्रातील तेलगळतीच्या निवारणाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे असून त्यासाठी राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा १९९६ पासून अमलात आहे. तटरक्षक दलाचे एक प्रदूषण निवारण केंद्र मुंबईत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये कठीण प्रवाळांचा समावेश करण्यात आला. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत प्रवाळ व कांदळवने यांना सर्वाधिक संरक्षण असलेल्या वर्गात स्थान आहे.

तेलवाहू जहाजांतून झालेल्या गळतीच्या भरपाईसाठी १९९२ चे आंतरराष्ट्रीय करार लागू होतात व भारत त्यांचा सदस्य आहे. चित्रा आणि रॅक कॅरिअर ही मात्र तेलवाहू जहाजे नव्हती; सांडले ते त्यांच्या स्वतःच्या वापराचे इंधन. अशा इंधनाच्या गळतीबाबतचा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, म्हणजे या दोन्ही दुर्घटनांनंतर. रॅक कॅरिअर प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी जहाजाशी संबंधित कंपन्यांनी १०० कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई द्यावी, असा आदेश दिला. कोळशाच्या मालक कंपनीलाही ५ कोटी रुपये भरण्यास सांगण्यात आले.

पूर्वनोंदींचे महत्त्व

तेलगळतीनंतर प्रवाळांची किती हानी झाली हे ठरविण्यासाठी गळतीपूर्वी तेथे काय होते याची नोंद आवश्यक असते. पनामातील हानी टक्केवारीत सांगता आली, याचे कारण तेथील भित्तींचे मोजमाप आधीच झालेले होते. मृत मासे आणि काळवंडलेली कांदळवने कोणालाही दिसतात. पाण्याखालच्या ओंजळभर वसाहती नोंद नसेल तर नाहीशा झाल्याचेही लक्षात येत नाही आणि त्यांच्यासाठी भरपाईची मागणीही करता येत नाही. विखुरलेल्या व लहान वसाहतींच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र असते.

यासाठी ठरावीक खडकांची दरवर्षी त्याच ऋतूत छायाचित्रे घेणे, वसाहतींची संख्या व आकार मोजणे, तसेच गाळातील व कालवांतील हायड्रोकार्बनांचे प्रमाण तपासणे या पद्धती वापरल्या जातात. संवेदनशील किनाऱ्यांचे नकाशे आधीच तयार असतील, तर दुर्घटनेच्या पहिल्या काही तासांत तरंगते अडथळे कोठे लावायचे आणि रसायने कोठे वापरायची नाहीत, हे ठरविता येते. ओहोटीच्या वेळी खडकांवर नित्य वावरणारे मच्छीमार व कालवे वेचणाऱ्या स्त्रिया यांना तेथील बदल लवकर जाणवत असल्याने अशा नोंदींत त्यांचे साहाय्य उपयुक्त ठरते.